भूकंप या शब्दाला किती जागा लागते?

नोव्हेंबर २०१८ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जमीन हलू लागली आणि पुढे कित्येक महिने हलत राहिली. धुंदलवाडीच्या आसपासच्या पाड्यांवर लोकांनी ऐन थंडीत घरं सोडून तंबूत रात्री काढल्या. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. अशा रात्री वापीला किंवा मुंबईला कामाला गेलेल्या माणसाला खुशाली कळवायची, तर हाताशी असतो तो खिशातला फोन. तो स्वस्तातला, इवल्या पडद्याचा असेल आणि पडद्यावरची ओळ इंग्रजी अक्षरांच्या मापाने आखलेली असेल, तर ‘भूकंप’ या शब्दाचे हाल होतात. ऊकार ओळीच्या तळाशी कापला जातो, अनुस्वार माथ्याशी. उरतं ‘भकप’. ‘पूर’चा ‘पर’ होतो.

कमी मेमरीच्या फोनवर लिनक्स आणि त्याचा दर्शनी भाग, म्हणजे इंटरफेस, बसवणं हे असंच कापाकापीचं काम आहे. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरवणाऱ्याच्या टेबलावर भूकंप हा शब्द आलेलाच नसतो.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. त्याच महिन्यात इंटेक्स कंपनीने क्लाउड एफएक्स नावाचा फोन बाजारात आणला. किंमत १,९९९ रुपये, मेमरी १२८ मेगाबाइट. त्यावर मोझिलाची फायरफॉक्स ओएस होती. तिचे थर तीन: तळाशी लिनक्सचा गाभा असलेला गाँक, मधे गेको हे ब्राउझरचं इंजिन आणि वर गाया, म्हणजे डोळ्यांना दिसणारा भाग. एवढा सगळा संसार १२८ मेगाबाइटमध्ये बसवण्याच्या खटाटोपाला मोझिलात ‘ताराको’ हे नाव होतं.

हिशेब करून पाहिला म्हणजे ही ओढाताण कळते. दोन मेगापिक्सेलच्या फोटोत १६०० गुणिले १२०० ठिपके असतात. फाइल म्हणून तो लहान असतो, पण पडद्यावर दाखवण्यासाठी उघडला की दर ठिपक्याला चार बाइट लागतात. झाले जवळपास ७७ लाख बाइट. एकाच फोटोने साडेसात मेगाबाइट खाल्ले! मोबाइलच्या पडद्याची रुंदी मात्र अवघे ३२० ठिपके. मग फोटो उघडतानाच चतुर्थांश मापाने, ४०० गुणिले ३०० असा उघडायचा. खर्च पाच लाख बाइटच्या आत येतो आणि बघणाऱ्याला फरक जाणवत नाही. कापायचं तर असं कापावं.

दुसरी युक्ती झेडरॅमची. सध्या न लागणारा मजकूर मेमरीतच दाबून ठेवायचा, जशा थंडी सरल्यावर गोधड्या दाबून पेटीत भरतात. जागा होते, पण गोधडी पुन्हा काढायला वेळ लागतो. तसा प्रोसेसरला लागतो आणि फोन क्षणभर अडखळतो. तिसरी युक्ती नुवा. माणसं मातीतून घडवणाऱ्या चिनी देवीचं हे नाव. प्रत्येक ॲपसाठी नव्याने पीठ मळायचं नाही; एकदाच मळलेल्या पिठाचा गोळा तोडून द्यायचा. सगळ्या ॲपना लागणारा सामायिक भाग मेमरीत एकदाच राहतो.

एवढं करूनही जागा पुरली नाही, तर कोणाला तरी मारावं लागतं. फायरफॉक्स ओएसमध्ये त्याचा क्रम ठरलेला होता. पडद्याआड नुसतं पडून असलेलं ॲप पहिलं जातं. त्यानंतर होमस्क्रीन, ती नंतर पुन्हा उभी करता येते. मागे गाणं वाजत असेल तर ते वाजवणारं ॲप त्याहून जपायचं, कारण ते बंद पडलेलं माणसाला लगेच कळतं. समोर उघडलेलं ॲप त्याच्याही वर आणि वाजणारा फोन सर्वांत वर. या उतरंडीमागे माणसाचा विचार आहे. तंबूत बसलेल्या बाईला आलेला फोन फोटोंच्या ॲपपायी तुटता कामा नये, हे त्या क्रमातच लिहून ठेवलेलं आहे.

भाषेच्या बाबतीत मात्र एवढी कदर दिसली नाही. क्लाउड एफएक्सवर भारतीय भाषा दोनच आल्या, हिंदी आणि तमिळ. हिंदीची लिपी देवनागरीच, मग मराठी चालून जाईल, असं समजणाऱ्याने ‘दऱ्या’ हा शब्द लिहून पाहावा. त्यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र हिंदीला लागत नाही. तो नसला की लिहिणारा ‘दर्या’ लिहून मोकळा होतो. डहाणू तालुक्याच्या पूर्वेला दऱ्या आहेत आणि पश्चिमेला दर्या. दोन्ही एकाच शब्दात कोंबून कसं चालेल? ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. जुना फॉन्ट असेल तर ‘ॲप’ या शब्दात त्याच्या जागी रिकामी चौकट दिसते. तलासरीला तर देवनागरीही पुरत नाही. आच्छाडच्या पलीकडे गुजरात सुरू होतो, झाई-बोर्डीच्या पट्ट्यात गुजराती घराघरात बोलली जाते. इथल्या फोनला देवनागरी, गुजराती आणि रोमन अशा तिन्ही लिप्या हव्यात. आणि वारली बोली देवनागरीत लिहिणाऱ्याला शब्द सुचवणारा कीबोर्ड मिळेल ही आशा फारच दूरची.

जागेचं कारण अगदीच खोटं नाही. यूटीएफ-८ या पद्धतीत ‘तलासरी’ साठवायला १८ बाइट लागतात, तेच रोमनमध्ये आठ. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. पण एका फोटोच्या ७७ लाखांपुढे हे दहा बाइट किती?

डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने मोबाइल कंपन्यांमार्फत फोन विकण्याचा नाद सोडला. त्याच मुळातून कायओएस निघाली. २१ जुलै २०१७ रोजी जाहीर झालेला जिओफोन तिच्यावर चालला: ५१२ मेगाबाइट मेमरी, २.४ इंची पडदा, १,५०० रुपये अनामत, आणि २२ भारतीय भाषांची ग्वाही. इथे टचस्क्रीन गेली आणि बोटाने चालणारा इंटरफेस चार दिशांच्या बटणांवर आणावा लागला. प्रत्येक पडद्यावर ‘आत्ता नेमके कुठे आहोत’ हे ठळक रंगाने दाखवणं आलं. वरवर ही पीछेहाट वाटते. पण चिकूच्या वाडीत चिकाने माखलेल्या बोटांना टचस्क्रीनपेक्षा दाबता येणारं बटणच बरं.

हे काम आता एकट्यादुकट्यालाही करता येतं. २०१७ मध्ये सुरू झालेली पोस्टमार्केटओएस ही अल्पाइन या आटोपशीर लिनक्सवर उभी आहे आणि टाकून दिलेल्या फोनमध्ये जीव भरते. समजा हातात २००९ चा नोकिया एन९०० आहे, मेमरी २५६ मेगाबाइट. प्लाझ्मा मोबाइल देखणा, पण एवढ्या जागेत त्याचा जीव गुदमरतो. मग एसएक्सएमओ हा सडसडीत इंटरफेस घ्यायचा. तो आवाजाच्या आणि पॉवरच्या बटणांवरही चालतो. आता मोजणी. पाच घरं एकाच विहिरीवर पाणी भरतात आणि प्रत्येकाच्या नावावर अख्खी विहीर लिहिली, तर हिशेब पाचपट फुगतो. मेमरी मोजतानाही हीच चूक होते, म्हणून ज्याच्या त्याच्या वाट्याचा पीएसएस हा आकडा पाहायचा आणि मगच कात्री हाती घ्यायची.

आणि इथेच ठेच लागते. एसएक्सएमओच्या मूळ रूपात यादी दाखवणारा डीमेन्यू हलका आहे, कारण अक्षरं एकमेकांत गुंफण्याचं काम तो करतच नाही. ‘तलासरी’ वाचता येतं. ‘आच्छाड’चा च पाय मोडून उभा राहतो. ‘दिवस’मधली पहिली वेलांटी द च्या पुढे जाऊन बसते. ही गुंफण करणारी हार्फबझ ही लायब्ररी मुक्त आहे, फुकट आहे आणि एका उघड्या फोटोपेक्षा कमी जागा घेते. तिला वगळून वाचवलेल्या जागेला काटकसर म्हणता येणार नाही. ती मराठी वाचणाऱ्याच्या ताटातून काढलेली भाकरी आहे.

घरातल्या खणात जुना फोन पडून असेल, तर भंगारात देण्याआधी तो एकदा चालू करावा. संदेशाच्या चौकटीत चार शब्द लिहावेत: भूकंप, पूर, दऱ्या, आच्छाड. जो शब्द तुटेल त्याचा फोटो काढून तो इंटरफेस बनवणाऱ्यांना पाठवावा.