वसतिगृहाचे ताट

वसतिगृहातल्या मेसचे जेवण न आवडले तरी विद्यार्थ्याला दुसरीकडे जाता येत नाही. खासगी महाविद्यालयांच्या बहुतेक वसतिगृहांत खोलीच्या भाड्यासोबत मेसचे पैसे वर्षाच्या सुरुवातीलाच भरून घेतात. सरकारी वसतिगृहात जेवण मोफत मिळते, पण तिथेही पर्याय नसतोच.

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात हा प्रश्न जास्त गंभीर आहे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, ती उन्हाळा लागल्यावरच परततात. एवढे महिने घराची चूल बंद असते. लहान मुलांसाठी गावोगावी हंगामी वसतिगृहे चालतात. मोठ्यांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. ४१ तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक अशी ८२ वसतिगृहे, प्रत्येकी १०० जागा. पहिल्या टप्प्यातल्या तालुक्यांत गेवराईचे नाव आहे.

अशा वसतिगृहांचे जेवण बहुधा ठेकेदाराकडे असते. निविदा निघते, दर माणशी ठरतो आणि सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळते. खरी अडचण इथूनच सुरू होते. कमी दरात नफा काढायचा तर आधी वरण पातळ होते, मग भाजीत बटाटा वाढतो आणि दूध-फळे फलकावरच राहतात. भाकरीही मागे पडते. १०० मुलांना दोन वेळा दोन-दोन भाकरी द्यायच्या तर रोज ४०० भाकरी थापाव्या लागतात. त्यापेक्षा भाताचे पातेले चढवणे सोपे. पण १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात १ मिलिग्रॅमही नसते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे १६ ते १८ वर्षांच्या मुलीला रोज ३२ मिलिग्रॅम लोह लागते. बाजरीची भाकरी, मेथी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी हे घरचे साधे जेवण मेसमध्ये मिळाले, तरी त्यातला मोठा वाटा भरून निघेल.

मेसऐवजी रोख पैसे द्यावेत, हा दुसरा मार्ग. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. बीडसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी तिच्यातून वर्षाला ४३ हजार रुपये मिळतात, त्यात भोजनाचे २५ हजार. दहा महिन्यांत वाटले तर महिन्याला अडीच हजार. हप्ता लांबला की डबेवाल्याकडे उधारी सुरू होते. आदिवासी वसतिगृहांतल्या मेस बंद करून पैसे थेट खात्यात देण्याचे ठरले, तेव्हा जुलै २०१८ मध्ये विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. त्यांची मागणी होती, मेस परत सुरू करा. वाईट जेवणावरचा इलाज मेस बंद करणे हा नाही, हे त्या मुलांनी नेमके ओळखले होते.

महाराष्ट्रात याहून चांगली परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. तिथे मुले एका पंगतीत जेवत आणि कामात हात लावत. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले.

आजच्या मेसवर देखरेखीची साधने आहेत. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा असून मेस चालवणाऱ्याला त्याखाली नोंदणी किंवा परवाना घ्यावाच लागतो. विद्यार्थ्यांची भोजन समिती असेल, तिच्यासमोर धान्य मोजून घेतले जात असेल आणि तिच्या सहीशिवाय बिल निघत नसेल, तर वरण आपोआप घट्ट होते. मात्र ऊसतोड मजुराचे पोर तक्रार करायला घाबरते, कारण वसतिगृह सुटले तर त्याला थेट फडावर जावे लागेल. म्हणून जेवणाची विचारणा गावातल्या मोठ्यांनी करायला हवी. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, मागे राहिलेले आजी-आजोबा, यांपैकी कोणीही महिन्यातून एकदा न सांगता जाऊन मुलांच्या पंगतीत जेवावे.