राशीत न दिसणारा घड

सावद्याच्या स्थानकावरून केळी उत्तर हिंदुस्थानाकडे रवाना होऊ लागली त्याला पुष्कळ काळ लोटला असला, तरी कापणीच्या दिवसांत आमच्या बागायतदाराच्या तोंडी सर्वांआधी येणारा शब्द 'रास' हाच आहे. रास म्हणजे घडांचे सरासरी वजन, आणि ती अठराची पडली की बाविसाची, यावर वर्षभराच्या कष्टांचा हिशेब ठरतो. व्यापाऱ्याला तेवढे पुरते. पण रोगाचा पहिला डाग कोणत्या झाडावर पडला, हे राशीवरून कोणालाही सांगता येणार नाही. त्यासाठी ओळीओळीने हिंडून झाड न् झाड पाहावे लागते. फुप्फुसाच्या एका दुर्धर विकारात वैद्यकशास्त्राला असे हिंडण्याचे साधन अलीकडेच लाभले आहे.

हा विकार मी घरात पाहिला. माझ्या मामांना बागेतून घरी येताना धाप लागू लागली, कोरडा खोकला हटेना. छातीच्या क्ष-किरण चित्रातील छाया पाहून त्यांना कित्येक महिने क्षयाची औषधे देण्यात आली, आणि सीटी स्कॅन झाला तेव्हा फुप्फुसाच्या खालच्या भागाचे मधाच्या पोळ्यासारखे जाळे होऊन गेले होते. ते महिने वाया गेले याचे दुःख मला आजही आहे.

माणसाच्या फुप्फुसांत सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात. त्यांच्या भिंतींतील चपट्या पेशी प्राणवायू रक्तापर्यंत पोहोचू देतात, आणि त्यांच्या शेजारच्या गोलसर पेशी, ज्यांना शास्त्रज्ञ दुसऱ्या प्रकारच्या म्हणतात, वायुकोश मिटू न देणारा द्रव पाझरतात व भिंतीला इजा झाल्यास स्वतः चपट्या होऊन ती भरून काढतात. मामांच्या या तंतुमयतेच्या विकारात ही डागडुजी बिघडते. व्रण भरून आल्यावरही तंतू विणले जातच राहतात आणि मऊ फुप्फुस चामड्यासारखे ताठर होते. ज्या प्रकाराचे कारण सापडत नाही, त्या अज्ञातहेतुक तंतुमयतेचा रोगी, औषधाविना, निदानानंतर सरासरीने तीन ते पाच वर्षे जगतो. पिरफेनिडोन व निन्टेडॅनिब या औषधांना २०१४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत मंजुरी मिळाली. ती ऱ्हासाचा वेग कमी करतात, झालेला व्रण मात्र पुसत नाहीत.

आता ओळीओळीने हिंडण्याच्या त्या साधनाविषयी. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात जनुकांचे तेच संपूर्ण दप्तर असते, त्यात प्रथिनांचे सुमारे २० हजार दस्त असतात. परंतु कोणती पेशी कोणत्या दस्ताच्या किती नकला बाहेर काढते, यावरून तिचा धंदा कळतो. या नकला म्हणजेच संदेशवाहक आरएनए. पूर्वी फुप्फुसाचा तुकडा घोटून साऱ्या नकला एकत्र मोजीत, म्हणजे रासच काढीत. २००९ साली केंब्रिजमध्ये अझीम सुरानी यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या भ्रूणातील एकेका पेशीच्या नकला वाचण्यात आल्या, आणि २०१५ मध्ये हार्वर्डच्या दोन चमूंनी तेलातील सूक्ष्म थेंबांची युक्ती प्रसिद्ध केली: प्रत्येक थेंबात एक पेशी आणि एक मणी, मण्यावर त्याचा स्वतंत्र सांकेतिक शिक्का, आणि पेशी फुटताच तिच्या प्रत्येक नकलेवर तोच शिक्का उमटावा. मग हजारो पेशींच्या नकला खुशाल एकत्र करून वाचाव्यात. शिक्क्यावरून कोणती नक्कल कोणत्या पेशीची, हे यंत्रगणक बिनचूक लावून देतो.

२०२० च्या जुलैमध्ये 'सायन्स अॅडव्हान्सेस' या नियतकालिकात एकाच वेळी दोन निबंध आले. येल व बॉस्टनच्या मंडळींनी ३२ तंतुमय, १८ दीर्घकालीन श्वसनरोधाच्या व २८ निरोगी फुप्फुसांतील ३,१२,९२८ पेशी तपासल्या होत्या, तर व्हँडरबिल्ट व अॅरिझोनाच्या मंडळींनी २० रोगग्रस्त व १० निरोगी फुप्फुसांतील १,१४,३९६. आणि दोन्ही चमूंना, परस्परांवर अवलंबून न राहता, निरोगी फुप्फुसात न आढळणारी एकच पेशी सापडली. केराटिन-१७ हे प्रथिन तिच्यात आहे, तिच्या जातीच्या पेशीत हमखास असणारे केराटिन-५ नाही. तिच्यावर जरेच्या खुणा आहेत, आणि नव्या व्रणाच्या अगदी कडेला ती ओळीने बसलेली असते. डागडुजीला निघालेली पेशी अर्ध्या वाटेत अडकून पडली असावी, असा आज अनेकांचा तर्क आहे. राशीत ती बुडून गेली असती. दोन स्वतंत्र साक्षी जुळल्या, याचे मोल मला त्या लाखो पेशींच्या संख्येपेक्षाही अधिक वाटते.

या पद्धतीत एक उणीव होती: पेशी सुट्या करताना त्यांची जागा हरवते. १८५२ साली सरकारी जमीनमोजणी आमच्या भागात आली तेव्हा सावदा-फैजपूरची रयत तिच्याविरुद्ध उठली होती. पण शेताचा क्रमांक आणि चतुःसीमा दप्तरी लागल्या त्या अशाच मोजणीने, आणि चतुःसीमेवाचून दस्त लंगडा, हे इथल्या कोणत्याही खातेदाराला सांगावे लागत नाही. आता पेशी न सोडवता, ऊतीच्या पातळ कापावरच नकला मोजता येतात; २०२५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ३५ फुप्फुसांतील १६ लाख पेशींचा असा जागेसह नकाशा प्रसिद्ध केला.

मात्र या अभ्यासांतील फुप्फुसे बहुतांशी अमेरिकेतील, आणि रोगही मुख्यतः अज्ञातहेतुक. आपली कैफियत निराळी आहे. २०१२ ते २०१५ या काळात १९ भारतीय शहरांतील २७ केंद्रांनी फुप्फुसाच्या अशा विकारांच्या १,०८४ रोग्यांची नोंद केली, मुंबईचे डॉ. झरीर उदवाडिया त्या कामात सहभागी होते. तीत अज्ञातहेतुक तंतुमयता १३.७ टक्के निघाली, आणि श्वासावाटे जाणाऱ्या बुरशी वा पक्ष्यांच्या विष्ठेसारख्या पदार्थांनी होणारा अतिसंवेदनशील दाह ४७.३ टक्के. त्या दाहाच्या रोग्यांपैकी ४८.१ टक्क्यांचा संबंध हवा थंड करणाऱ्या कूलरशी आला होता. पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र व आयसर यांनी २०१९ पासून 'मानव' या प्रकल्पात मानवी ऊतींविषयीची प्रसिद्ध माहिती संकलित करण्याचे काम हाती घेतले. खानदेशाच्या फुप्फुसांचीही पेशीवार मोजणी व्हावी, दाहाच्या व्रणाकडेला तीच अडकलेली पेशी बसते की दुसरीच, हे आपल्याच रोग्यांच्या ऊतीवरून कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. कारण अशा दाहात औषधाआधी हेतू दूर करता येतो.

मामांना हे अखेरच्या वर्षी एका छातीतज्ज्ञांनी विचारले. 'मामा, घरी कूलर आहे का? त्याचे गवत कधी बदलले होते?' मामांनी मामींकडे पाहिले, मामींनी माझ्याकडे. चैत्रापासून मृगापर्यंत त्यांच्या खाटेच्या उशाशी रात्रंदिवस चालणाऱ्या त्या कूलरचे गवत तीन उन्हाळे तेच होते.