राष्ट्रीय उद्यानांचे राखणदार

ज्या घरांतील मुलगा, सून किंवा जांवई नोकरीच्या निमित्तानें अमेरिकेंत स्थायिक झाला आहे, अशीं घरें आमच्या वाचकवर्गांत आतां थोडीं राहिलेलीं नाहींत. आईवडील उन्हाळ्याचे कांहीं महिने तिकडे राहून येतात, आणि येतांना जीं छायाचित्रें आणतात त्यांत यलोस्टोनचें उसळतें कारंजें, योसेमिटीचे उंच कडे किंवा ग्रँड कॅनियनची खोल दरी हटकून असते. कधीं कधीं त्याच चित्रांत रुंद, सपाट काठाची टोपी घातलेला एखादा हंसतमुख गृहस्थ उभा असतो. "हा कोण?" असें घरांतील वडील मंडळींनीं विचारलें म्हणजे "तो तिथला रेंजर" येवढें उत्तर मिळतें आणि पुढलें चित्र समोर येतें. हा माणूस वाट दाखविणारा, माहिती सांगणारा, फार तर तिकिटें तपासणारा असावा, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. ती अगदींच खोटी नाहीं. परंतु त्यांतील पुष्कळांच्या कमरेला पिस्तूल कां असतें, आणि त्यांच्याच मोटारींत दोरखंड, स्ट्रेचर व मलमपट्टीचें सामान कां असतें, याचा उलगडा त्या समजुतीनें होत नाहीं. तो करून देण्याचा आमचा आजचा उद्देश आहे.

यलोस्टोनच्या कायद्यावर अध्यक्ष ग्रँट यांनीं १ मार्च १८७२ रोजीं सही केली आणि सुमारें नऊ हजार चौरस किलोमीटरांचा तो मुलूख सर्व लोकांसाठीं राखून ठेवण्यांत आला. जगांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याचा गौरव होतो, तो योग्यच आहे. तथापि त्या कायद्यांत एक मोठें वैगुण्य राहून गेलें होतें. जनावरांची व निसर्गाची नासधूस होऊं देऊं नये असें त्यांत होतें, पण कोणी केलीच तर त्याला शिक्षा काय, याबद्दल अवाक्षर नव्हतें; आणि राखणीसाठीं पैसाहि मंजूर झालेला नव्हता. पहिले अधीक्षक नॅथॅनिएल लँगफोर्ड यांना पगारच नव्हता. शेताला पाटी लावावी आणि राखण्या मात्र नेमूं नये, तशांतला हा प्रकार. पुढें १८८० सालीं हॅरी याउंट नांवाचा एक कसलेला शिकारी जनावरांचा राखणदार म्हणून नेमला गेला. त्यानें तेथील कडाक्याचा हिवाळा काढला आणि दुसऱ्या वर्षीं राजीनामा दिला. सरकारास त्यानें लिहून कळविलें कीं, येवढ्या प्रदेशाचें रक्षण एका माणसाच्या हातून व्हावयाचें नाहीं. त्यासाठीं भरंवशाचें लहानसें पोलीस पथकच पाहिजे. आजची रेंजर मंडळी या याउंटला आपला मूळपुरुष मानतात. आपल्यानें काय होण्यासारखें नाहीं हें स्पष्ट लिहून देणारा मूळपुरुष लाभणें, हें त्या खात्याचें भाग्यच आम्ही समजतों.

१८८६ सालीं कारभार लष्कराकडे गेला व १९१८ पर्यंत तो लष्कराकडेच राहिला. शिपाई आले, तरी दंडाचें कलम नव्हतें तें नव्हतेंच. चोरट्या शिकाऱ्यास धरावें, त्याचें सामान जप्त करावें आणि हद्दीबाहेर नेऊन सोडावें, यापलीकडे अधिकाऱ्यांस कांहीं करतां येत नसे. याचा कळस १८९४ च्या मार्च महिन्यांत झाला. बायसन म्हणजे आपल्या गव्याचा अमेरिकेंतील भाऊबंद. एके काळीं लक्षावधींनीं असलेल्या या जनावराचा बंदुकीनें असा संहार उडविला होता कीं, मोकळ्या रानांतील अगदीं शेवटल्या कळपांपैकीं एक काय तो यलोस्टोनमध्यें तग धरून होता. आणि दुर्मिळ झाल्यामुळेंच त्याच्या मुंडक्याला दिवाणखान्याची शोभा म्हणून मोठी किंमत येऊं लागली होती. एडगर हॉवेल नांवाचा शिकारी या लोभानें बर्फांतून पेलिकन खोऱ्यांत शिरला. फेलिक्स बर्जेस हा लष्कराचा टेहळ्या त्याच्या मागावर होता. गोळ्यांचे आवाज ऐकून तो रानाच्या कडेला आला, तों पांच बायसन बर्फांत मरून पडलेले आणि हॉवेल त्यांतील एकाचें मुंडकें सोलीत बसलेला! मध्यें चारशें यार्डांचें उघडें मैदान, आडोशाला कांहीं नाहीं. हॉवेलपाशीं दूर पल्ल्याची रायफल, बर्जेसपाशीं नुसतें पिस्तूल. पण रायफल हॉवेलच्या हातापासून कांहीं पावलांवर होती, आणि वारा असा वाहत होता कीं त्याच्या कुत्र्यालाहि चाहूल लागली नाहीं. बर्जेस पायांतील लांब फळ्यांवरून घसरत सरळ त्याच्यापुढें जाऊन उभा राहिला, तेव्हां कोठें हॉवेलनें मान वर केली.

पकडला गेल्याचें हॉवेलला फारसें वाईट वाटलें नाहीं. जप्त होणारें सामान पंचवीस-सत्तावीस डॉलरांचें, आणि धंदा साधता तर मिळाले असते दोन हजार, असा हिशेब त्यानें उघड बोलून दाखविला. 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम' या पत्राचे बातमीदार एमर्सन हफ योगायोगानें त्या वेळीं उद्यानांतच होते. त्यांनीं ही हकीकत आपल्या पत्राकडे धाडली, संपादक ग्रिनेल यांनीं ती तडीस नेली, आणि जें बावीस वर्षें घडलें नव्हतें तें दोन महिन्यांत घडलें. ७ मे १८९४ रोजीं नवा कायदा झाला: दोन वर्षेंपर्यंत कैद, हजार डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मागल्या गुन्ह्याबद्दल हॉवेल सुटला. परंतु हद्दपारी मोडून तो त्याच वर्षीं पुन्हां उद्यानांत आला, आणि याच कायद्याखालीं शिक्षा झालेला पहिला इसम ठरला. गंमत अशी कीं, १८९७ सालीं प्रवाशांच्या गाड्या लुटणाऱ्या दरोडेखोरांचा माग काढण्यासाठीं अधिकाऱ्यांनीं ह्याच हॉवेलची मदत घेतली. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक! बायसन मात्र १९०२ च्या सुमारास मोजून दोन डझन उरले होते. आज यलोस्टोनमध्यें ते कांहीं हजारांच्या घरांत आहेत.

२५ ऑगस्ट १९१६ रोजीं राष्ट्रीय उद्यानांचें स्वतंत्र खातें निघालें, आणि शिपायांच्या जागीं रेंजर आले. येथून त्यांच्या कामाचें स्वरूप पालटूं लागलें. आतांपर्यंत माणसापासून जनावर राखावयाचें होतें. आतां जनावरापासून, पाण्यापासून, कड्यापासून माणूस राखावयाचा, आणि अधिक खरें बोलावयाचें तर माणसाला त्याच्या स्वतःपासून राखावयाचें, हें काम माथीं आलें. यांत खातेंहि प्रारंभीं चुकलें. हॉटेलांतील उष्टेंमाष्टें एके ठिकाणीं ओतावें, तें खावयास अस्वलें यावीं, आणि प्रेक्षकांनीं बांकांवर बसून तो सोहळा पाहावा, अशी व्यवस्था यलोस्टोनमध्यें खुद्द अधिकाऱ्यांच्या देखरेखीखालीं कित्येक वर्षें चालली होती. मोटारीच्या खिडकीतून अस्वलाला पाव देणें ही तर सहलीची मौजच गणली जाई. परिणाम व्हावयाचा तोच झाला. १९३१ ते १९६९ या काळांत तेथें दर वर्षीं सरासरी ४८ माणसें अस्वलांकडून जखमी झालीं. पुढें उकिरडे बंद झाले, खाऊं घालण्याची बंदी कसोशीनें अमलांत आली, आणि हा आंकडा अगदीं खालीं आला. आपल्याकडे गडावर, देवस्थानीं वानरांना केळीं व फुटाणे देणाऱ्या मंडळींनीं हा हिशेब एकदां वाचावा.

हल्लीं नियम असा आहे कीं, अस्वल व लांडगा यांच्यापासून शंभर यार्ड, आणि बायसनसारख्या इतर मोठ्या जनावरांपासून पंचवीस यार्ड दूर राहावें. यलोस्टोनमध्यें अस्वलापेक्षां बायसनच अधिक माणसांना जखमी करतो. तो दिसतो गोठ्यांतल्या म्हशीसारखा मंद, पण धांवतो माणसाच्या तिप्पट. नियम मोडणारे सगळेच उनाड असतात असेंहि नाहीं. २०१६ च्या मे महिन्यांत एका प्रवाशानें बायसनचें नवजात वासरूं थंडीनें मरेल या समजुतीनें चक्क मोटारींत घातलें व रेंजरांच्या ठाण्यावर आणून दिलें. त्याला बिचाऱ्याला आपण पुण्यकर्म केलें असेंच वाटत असावें! रेंजरांनीं तें वासरूं कळपांत सोडण्याचा पुनःपुन्हां यत्न केला. कळपानें तें घेतलें नाहीं. तें रस्त्यावर येऊन मोटारींच्या व माणसांच्या मागें लागूं लागलें, आणि अखेर त्यास मारून टाकावें लागलें. प्रवाशास दंड झाला. असा दंड वसूल करणाऱ्या माणसाच्या मनाची स्थिति काय होत असेल, याचा वाचकांनींच विचार करावा.

उष्ण झऱ्यांची गोष्ट याहून दारुण आहे. यलोस्टोनमधील कुंडांत पडून आजपर्यंत वीसांहून अधिक माणसें भाजून मेलीं आहेत. वरची जमीन घट्ट दिसते, पण कित्येक ठिकाणीं ती पापडाइतकी पातळ असते. म्हणून तेथें लांकडी पायवाटा घातल्या आहेत. १९८१ च्या जुलईंत मित्राचा कुत्रा कुंडांत पडला म्हणून २४ वर्षांच्या एका तरुणानें, लोक ओरडून नको नको म्हणत असतां, त्यांत उडी घेतली. पाणी जवळजवळ उकळतें होतें. कुत्रा वांचला नाहीं. तरुण दुसऱ्या दिवशीं रुग्णालयांत वारला. २०१६ च्या जूनमध्यें आणखी एक तरुण बहिणीसह पायवाट सोडून अंग शेकण्याजोगें कुंड शोधीत गेला आणि घसरून आंत पडला. विजांच्या वादळामुळें रेंजरांना त्या दिवशीं प्रेत काढतां आलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं ते परत गेले, तों त्या उष्ण, आम्लमय पाण्यांत शरीराचा अंशहि उरला नव्हता. आपल्या वज्रेश्वरीची किंवा उन्हवऱ्याची कुंडें मनांत धरून कोणी तेथें पाय बुडवावयास जाऊं नये, म्हणून हें सविस्तर लिहिलें.

ग्रँड कॅनियनमध्यें धोका उलट्या चालीचा आहे. डोंगरावर चढतांना दमलेला माणूस मागें फिरतो. येथें आधीं सुखाचा उतार लागतो, जसजसें खालीं जावें तसतसें ऊन वाढतें, आणि दमल्यावर सुमारें एक मैल उंचीचा चढ पुढें राहतो. २००४ च्या जुलईंत बॉस्टनची मॅरेथॉन धांवलेली, वैद्यकीचा अभ्यास करणारी एक तरुणी तेथें पाणी संपून मृत्यु पावली. तिच्या अंगांत ताकद कमी होती असें कोण म्हणेल? १९९६ च्या उन्हाळ्यांतील मृत्यूंनंतर, १९९७ पासून, रेंजर व स्वयंसेवक वाटेच्या तोंडाशींच उभे राहूं लागले. कोठें निघालां, पाणी किती, खावयास काय, परत केव्हां येणार, असे घरांतील वडिलांसारखे प्रश्न ते विचारतात, आणि कित्येकांना गोड बोलून मागें फिरवितात. योसेमिटीमध्यें २०१८ च्या ऑक्टोबरांत भारतांतून तिकडे गेलेलें एक तरुण जोडपें टाफ्ट पॉइंटच्या कड्यावरून शेंकडों फूट खालीं पडलें. काठावर छायाचित्राची तिपाई तेवढी उभी राहिलेली दुसऱ्यांनीं पाहिली, आणि त्यावरून शोध सुरू झाला. दोराला लटकून अशीं शरीरें वर आणणें हेंहि रेंजरांचेंच काम.

राहिली पिस्तुलाची गोष्ट. ४ जुलै १९७० रोजीं योसेमिटींतील स्टोनमन कुरणावर जमलेल्या तरुणांचा जमाव रेंजरांनीं घोड्यांवर बसून हटवूं पाहिला. पोलिसी शिक्षण त्यांतील बहुतेकांना नव्हतें. दगडफेक झाली, रेंजरांना माघार घ्यावी लागली, बाहेरून पोलीस आणावे लागले आणि शंभरांहून अधिकांना अटक झाली. त्यानंतर या शिक्षणाची पद्धतशीर सोय झाली, व १९७६ च्या कायद्यानें शस्त्र बाळगण्याचा व अटक करण्याचा अधिकार स्पष्ट झाला. पण हत्यारानें रक्षण होतेंच असें नाहीं. १ जानेवारी २०१२ रोजीं माउंट रेनियर येथें एक मोटार चाकांच्या साखळ्या तपासण्याच्या नाक्यावर न थांबतां पुढें गेली. वर पॅराडाइज येथें बर्फांत खेळणारीं शंभरांहून अधिक माणसें होतीं. एका रेंजर बाईनें आपली गाडी रस्त्यांत आडवी घालून वाट रोखली. मोटारींतील मनुष्य आदल्या रात्रीं गोळीबार करून पळालेला होता. त्यानें तिला गाडीतून उतरूंहि दिलें नाहीं. ती ३४ वर्षांची होती, तिला दोन लहान मुली होत्या, आणि तिचा नवरा त्याच उद्यानांत रेंजर होता. वरच्या माणसांपैकीं एकालाहि इजा झाली नाहीं. त्याच वर्षीं जूनमध्यें, त्याच पर्वतावर, हिमाच्या भेगेंत सांपडलेल्या गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरांत चढवीत असतां दुसरा एक रेंजर दोन हजार फुटांहून अधिक घसरत जाऊन मरण पावला. गिर्यारोहक चौघेहि वांचले.

आपल्याकडे वनखात्यांत वनक्षेत्रपालाला रेंजरच म्हणतात, आणि त्याच्या हाताखालीं वनपाल व वनरक्षक असतात. ताडोबा हें महाराष्ट्रांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचें. यलोस्टोननंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १९७२ सालीं, आपला वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, आणि त्यांत शिक्षेचें कलम पहिल्यापासून होतें. राखणीचें काम मात्र येथें बहुतांशीं पायींच चालतें. २० नोव्हेंबर २०२१ रोजीं ताडोबांत व्याघ्रगणनेसाठीं एक वनरक्षक बाई तीन मदतनिसांसह सकाळीं निघाली. कांहीं अंतर चालून गेल्यावर वाटेंत वाघीण बसलेली दिसली. ती मंडळी सुमारें अर्धा तास थांबलीं. वाघीण उठेना, तेव्हां झाडींतून वळसा घालून पुढें निघालीं. मदतनीस पुढें होते, बाई मागें होती. वाघिणीनें तिला मागून गांठलें. त्यानंतर पायीं चालून खुणा मोजण्याचें काम तेथें कांहीं काळ थांबविण्यांत आलें. त्या गणनेचे पहिले आंकडे २०२३ च्या एप्रिलांत जाहीर झाले: देशांत किमान ३१६७ वाघ.