कावळा आणि पाच रुपयांचे नाणे

मराठी शिकवणाऱ्या माणसाला शब्दांची भारी हौस. ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची झाली’, ‘दूर बसली’ – मासिक पाळीसाठी आपल्या आयाबायांनी किती शब्द योजले! काम मात्र सगळ्यांचे एकच : गोष्ट कळवायची, पण नाव घ्यायचे नाही. या चातुर्याचे मला पूर्वी कौतुक वाटे. गेल्या वर्षीच्या परीक्षेत ते ओसरले.

मी वर्गात पर्यवेक्षणाला होते. तासाभराने एक मुलगी उठून जवळ आली. “बाई, जरा जाऊन येऊ?” चेहऱ्यावरूनच मी समजले. आमच्या प्रसाधनगृहात पॅडचे यंत्र आहे. पाच रुपयांचे नाणे टाकायचे, पॅड घ्यायचे. पण हल्ली नाणे असते कोणाजवळ? भाजीवालीलाही आपण फोनवरून पैसे देतो! शिपाईमावशींनी बटव्यातून नाणे काढले. यंत्राने ते गिळले, दिले काहीच नाही. ते रिकामे होते!

मावशी औषधांच्या दुकानाकडे धावल्या. दुकानदाराने पुडा रीतसर वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळ्या पिशवीत घालून दिला. मुलगी जागेवर परतली तेव्हा पंचवीस मिनिटे गेली होती. नियमापुढे मला एक मिनिटही वाढवून देता आले नाही.

यंत्र भरायचे कोणी, हे कचेरीत कोणालाच ठाऊक नव्हते. बरोबरच आहे, जिचे नाव घ्यायचे नाही, त्या गोष्टीची तक्रार तरी कोण करणार?

स्कॉटलंडने मात्र हे काम कोणाचे, ते कायद्यातच लिहून टाकले. तेथील संसदेने २०२० साली एकमताने कायदा केला; ऑगस्ट २०२२ पासून शाळा, महाविद्यालये व स्थानिक संस्थांनी ही साधने फुकट, आणि घेणारीचा मान राखून, द्यायची आहेत. आपल्याकडेही २०१८ साली पॅडवरचा जी. एस. टी. गेला, २०१९ पासून जनौषधी केंद्रांत ते एक रुपयाला मिळू लागले. स्वस्ताई आली खरी. पण अडल्या वेळी, अडल्या जागी ते हाताशी असणे निराळे.

आम्ही शिक्षिकांनी वर्गणी काढली. दिवाळीच्या चिवड्याचा रिकामा डबा प्रसाधनगृहात ठेवला. दर सोमवारी मावशी तो भरतात. नाणे लागत नाही, विचारावेही लागत नाही. डब्यावर मी ठळक अक्षरांत लिहिले आहे : ‘पाळीचे पॅड. लागेल ते घ्या.’

कावळ्याचा त्यात उल्लेख नाही.