गांडुळं पिवळं पाणी का सोडतात?



मागच्या आठवड्यात आपल्या एका काकांनी फोटो पाठवला. बेड उकरताना गांडुळांच्या अंगातून पिवळसर, वास मारणारं पाणी सुटत होतं. "ताई, रोग लागला का? औषध काय टाकू?" काका, औषध काहीच टाकू नका. इतरांच्या बेडमध्येही हे दिसतं, म्हणून सगळ्यांसाठी लिहिते.

गांडुळाचं अंग म्हणजे नळीत नळी. बाहेर कातडी, आत आतडं, आणि दोन्हीच्या मधे पाणी. त्या पाण्यात पेशी तरंगतात. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींसारख्याच या गांडुळाच्या राखणदार. काही पेशी जंतू गिळतात. दुसऱ्या काही पेशींत बारीक पिवळे कण असतात, आणि त्या कणांत रायबोफ्लेविन म्हणजे बी-२ जीवनसत्त्व साठवलेलं असतं.

हे जीवनसत्त्व तुमच्या ओळखीचं आहे. चक्का टांगल्यावर खाली हिरवट-पिवळं पाणी गळतं, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने लघवी पिवळी होते, ते यामुळेच. निळा किंवा अतिनील प्रकाश पडला की ते पिवळं-हिरवं चमकतं. बघायचं असेल तर बी-कॉम्प्लेक्सची गोळी पाण्यात विरघळवा आणि अंधारात नोटा तपासायच्या दिव्याखाली धरा. पोरं खूश होतील. फक्त दिव्याकडे थेट बघू नका, आणि तो बेडवर मारू नका. गांडुळांना तो प्रकाश सोसत नाही.

पोलंडमध्ये क्राकोवच्या यागिएलोनियन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी या चमकेचा छान उपयोग केला. गांडुळाच्या पेशी यंत्रातून एकेक करून लेझरसमोर सोडायच्या. पिवळ्या पेशी आपोआप चमकतात, वेगळा रंग लावायला नको. किती पेशी चमकल्या आणि किती जोरात, यावरून गांडूळ कितपत ताणात आहे याचा अंदाज येतो. जड धातूंनी खराब झालेल्या जमिनीतल्या गांडुळांत रायबोफ्लेविनचा साठा कमी झालेला त्यांना दिसला.

आता काकांचा बेड. गांडुळाच्या पाठीवर बारीक छिद्रं असतात. टोचलं, भाजलं, झोंबलं की गांडूळ अंग आवळतं आणि त्या छिद्रांतून आतलं पाणी पेशींसकट बाहेर फेकतं. आपल्या बेडमधल्या लाल गांडुळाचं नाव आयसेनिया फेटिडा, त्यातल्या फेटिडाचा अर्थच घाण वासाचं. म्हणजे पिवळं पाणी हा रोग नाही, त्याने केलेला बचाव आहे. पण तो फुकट होत नाही. गेलेल्या पेशी आणि बी-२ चा साठा भरून यायला काही आठवडे लागतात, आणि तोवर त्याची राखण कमी असते.

काकांना विचारलं तर कळलं, दोन दिवसांपूर्वी गोठ्यातलं ताजं शेण थेट बेडवर टाकलं होतं. ताजं शेण तापतं, त्यातून अमोनिया निघतो. वरचा थर काढायला लावला, पाणी शिंपडून गोणपाट टाकलं. शेण सावलीत 15-20 दिवस मुरू द्या. आत हात घातल्यावर गरम लागलं, तर अजून थांबा.

द्राक्षवाल्यांनी जरा जास्त लक्ष द्या. बोर्डो किंवा कॉपर ऑक्सिक्लोराईड मारलेला पाला-काडी बेडमध्ये नको. तांबं कुजून जात नाही, ते तिथेच साठतं. फवारणीचा पंप बेडशेजारी धुवायची सवयही सोडा.

अजून एक. काहीजण गांडुळं कोमट पाण्यात बुडवून व्हर्मिवॉश काढतात. पाणी पिवळं झालं की "ताकद उतरली" म्हणतात. उतरते ती गांडुळाची राखण. मला ही पद्धत अजिबात पटत नाही. बेडवर थेंब-थेंब पाणी सोडून खाली झिरपेल तेवढंच गोळा करा.

शेतातली गांडुळं पिवळं पाणी सोडत नसतील तर लगेच ती ठणठणीत आहेत असं समजू नका. सगळ्या जातींत या पिवळ्या पेशी सारख्या नसतात, काहींत अगदी थोड्या असतात. तिथे गांडुळं आणि त्यांची विष्ठा दिसते का, हेच बघायचं.

बेडमध्ये असं काही दिसलं तर फोटो पाठवा, आणि मागच्या आठ दिवसांत बेडमध्ये काय काय टाकलं तेही व्हॉइस मेसेजमध्ये सांगा. नुसत्या फोटोवरून कारण कळत नाही.