कोळंबीच्या बीजाची परीक्षा

बाजारांत टोपलींत पडलेली कोळंबी ताजी कीं शिळी, हें सुगरणीला क्षणांत उमगतें. परंतु बोटाच्या पेराएवढेंही न झालेलें कोळंबीचें बीज निरोगी आहे कीं नाहीं, हें मात्र कोळंबी पाळण्यांत केंस पिकलेल्या माणसालाही नुसत्या डोळ्यांनीं सांगतां येत नाहीं. त्याचा सारा व्यवहार तर याच एका प्रश्नावर लोंबकळत असतो.

१९९४ सालीं 'श्वेतबिंदु' नांवाचा विषाणुजन्य रोग भारताच्या पूर्व किनाऱ्यावर आला आणि आंध्र व तामिळनाडूंतील तळींच्या तळीं ओस पडलीं. कोळंबी अन्न टाकते, काठाशीं येते, कवचावर पांढरे ठिपके उमटतात आणि तीन ते दहा दिवसांत तळें रिकामें होऊं शकतें. माशाप्रमाणें प्रतिपिंडें निर्माण करण्याची शक्ति कोळंबीला नाहीं. त्यामुळें लशीचा मार्ग बिकट, आणि औषध तर नाहींच. (खाणाऱ्या माणसास या विषाणूपासून अपाय नाहीं, हें येथेंच सांगितलेलें बरें, अफवेनें बाजार बसतो.) तेव्हां रोग तळ्यांत शिरण्यापूर्वींच ओळखणें एवढाच उपाय उरतो.

ही ओळख विषाणूच्या डी. एन. ए.वरून पटते. कांहीं पिलें वाटून त्यांतील डी. एन. ए. काढतात. विषाणूचा अंश त्यांत असलाच तर अत्यल्प असतो. म्हणून तो वाढवावा लागतो. नळी ९५ अंशांपर्यंत तापविली कीं डी. एन. ए.चे दोन पेड सुटतात. ती निवविली कीं, मुद्दाम घातलेले लहान 'प्रारंभक' तुकडे विषाणूच्याच पेडाशीं जाऊन जुळतात, कोळंबीच्या नव्हे. मग ७२ अंशांवर एक विकर तेथून पुढें नवा पेड विणीत जातें. हें विकर उन्हाळ्या झऱ्यांतील जीवाणूचें, म्हणून एवढ्या उष्णतेंतही टिकतें. एकाचे दोन, दोहोंचे चार, अशा ३० फेऱ्यांत शंभर कोटींहून अधिक प्रती होतात. बुद्धिबळाच्या पटावरील धान्याची गोष्ट ठाऊक असलेल्या श्रोत्यांस याचें नवल वाटणार नाहीं. या परीक्षेस पी. सी. आर. म्हणतात. कॅरी मलिस यांना ही युक्ति १९८३ सालीं सुचली व १९९३ सालीं तिजबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

मादीची परीक्षा तिला न मारतांही होते. पोहण्याच्या पायाचा एक बारीकसा तुकडा पुरतो. २००९ सालापासून परदेशी व्हॅनामी कोळंबी भारतांत पाळण्यास परवानगी मिळाली. तिच्या आणलेल्या माद्यांना आधीं चेन्नईच्या विलग्नवासांत राहावें लागतें.

पालघर-रायगडच्या खाजणांतील तळ्यांत सोडावयाच्या बीजाबरोबर 'विषाणु आढळला नाहीं' असा दाखला आला, कीं पाळणारा निश्चिंत होतो. घोटाळा होतो तो येथेंच. तपासलीं गेलीं तीं पिलें समजा १५०. तळ्यांत जाणार लाखों. शेंकडा दोन पिलांना लागण असेल, तर १५० पिलांत निदान एक रोगी सांपडण्याचा संभव शेंकडा ९५. पण हजारीं दोनच असतील, तर चारांपैकीं सुमारें तीन वेळां रोग निसटून जाईल. मग लाखामागें दोनशें रोगी पिलें तळ्यांत उतरतात, आणि कोळंबी तर मेलेल्या भावंडाला खाते!

उलट चूकही होते. मृत विषाणूचा डी. एन. ए.ही परीक्षेंत दिसतो, आणि आदल्या नमुन्याचा कण उडाला तरी तो दिसतो. यासाठीं दर खेपेस एक निव्वळ पाण्याची व एक निश्चित रोगी नमुन्याची नळी शेजारीं चालवितात. पाण्याच्या नळींत रेघ उमटली, कीं दिवसभराचें काम फुकट.

म्हणून दाखल्यावरील शिक्क्याइतकेंच, किंबहुना अधिक, पाहावयाचें तें पिलें किती घेतलीं व कोणतीं घेतलीं हें. टांकीच्या तळाशीं पडलेलीं, मंद पिलें वेंचलीं तर रोग सांपडण्याचा संभव वाढतो. वर तरतरीत पोहणारीं वेंचलीं तर घटतो. आणि बीज निर्दोष ठरलें तरी खेंकडे हा विषाणु वाहून आणतात. त्यासाठीं तळ्याभोवतीं जाळीचें कुंपण घालावें लागतें व आंत येणारें पाणी गाळून घ्यावें लागतें.