मारबतीच्या मिरवणुकीत एक दिवस

पोळ्याचा पाडवा. त्या दिवशी पांढुर्ण्याची पावले जाम नदीवरील गोटमारीकडे वळतात. आम्ही मात्र रामाकोन्याहून सौंसर-सावनेरच्या वाटेने सहकुटुंब नागपूर गाठले. इतवारीच्या परिसरात १८८१ पासूनची काळी मारबत व १८८५ पासूनची पिवळी मारबत यांची भेट होते. इडापीडा घेऊन जाण्याचा गजर चालू असतो आणि पाठोपाठ बडगे येतात. त्या त्या वर्षीच्या अनिष्टांची ती सोंगे!

एका बडग्याच्या हाती तराजू होता. भेसळ व नफेखोरीचे ते सोंग. सारे हसले, आम्हीही हसलो. तान्ह्या पोळ्यासाठी राजाचा वेष ल्यालेल्या धाकट्याने विचारले, "बाबा, हा आपल्यासारखाच दुकानदार का?" हसू ओठांवरच विरले.

पुतळ्यांचे दहन गाव करतो. लोभाचे दहन ज्याचे त्यानेच करावयाचे असते. भाद्रपद शुद्ध पंचमीचे दशलक्षण पर्व चार दिवसांवर आले होते. उत्तम शौच, उत्तम सत्य हे शब्द आपण दरवर्षी उच्चारतो. परतल्यावर प्रथम दुकानातील वजने पडताळली. एक झिजलेले निघाले. ग्राहकाचे जे उणे, ते आपले अधिक! ते वजन मोडीत काढले. मुलाला 'नाही' म्हणण्याचे धैर्य त्यानंतरच आले.